ई-फायलिंग: स्वतःच्या ऑफिसातून की ई-सेवा केंद्रातून?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा कोर्टात नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका ज्युनिअरने विचारलं, "सर, ई-फायलिंगसाठी, म्हणजे दावा ऑनलाइन दाखल करायला, स्वतःचा स्कॅनर घेऊ की कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात, जिथे कागद स्कॅन करून दाखल करायला मदत मिळते, तिथेच जाऊ?"

आधी खर्च. ऑफिसात चांगला स्कॅनर, बऱ्यापैकी इंटरनेट आणि सही डिजिटल करायची सोय, एवढं लागतंच. केंद्रात ही गुंतवणूक नाही, पण खेप आणि रांग आली. नागपूरला तशी अडचण कमी: 2020 साली देशातलं पहिलं ई-रिसोर्स सेंटर, 'न्याय कौशल', जिथे ई-फायलिंगची सोय आहे, इथेच सुरू झालं.

खरा प्रश्न चुकांचा आहे. जुन्या फेरफाराचा फिकट शिक्का, वाकडं आलेलं पान, कडेला कापला गेलेला सर्व्हे नंबर, अशा बारीक गोष्टींवर ऑब्जेक्शन निघतं आणि मुदत जवळ आलेली असली की पक्षकाराच्या जिवाला घोर लागतो. ऑफिसात प्रत्येक पान स्वतः निवांत तपासता येतं. केंद्रात मागे लोक उभे असतात, घाई होते. मात्र पहिल्या काही दाव्यांना शेजारी जाणकार माणूस असणं फार मोलाचं.

पुढचं दोन्हीकडे सारखंच. दावा नोंदला की 16 अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या केसचा ओळख क्रमांक, मिळतो, तारखा मोबाइलवर दिसतात.

महिन्याला मोजकेच दावे असतील, किंवा पक्षकार स्वतःच केस चालवत असेल, तर केंद्र बरं. नियमित दिवाणी काम असेल, तर स्कॅनर घेच. पण आधी केंद्रात बसून हात बसव.