सर्व्हरची इमेज काढायची की फक्त डेटा उचलायचा? सांगलीतल्या छोट्या ऑफिसांसाठी

मार्केट यार्डातलं अडत दुकान घ्या, मिरजेतलं हॉस्पिटल घ्या नाहीतर विश्रामबागेतली पतसंस्था, चित्र साधारण सारखंच असतं. कोपऱ्यात एक टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर किंवा उबुंटू, एखादा डेटाबेस आणि मागे कायमची लटकलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क. "बॅकअप रोज होतो" असं सगळेच छातीठोकपणे सांगतात. पण उद्या सकाळी सर्व्हर चालूच झाला नाही तर काम किती वाजता सुरू होईल, असं विचारलं की गाडी अडते. बॅकअपची पद्धत ठरवायची ती या दुसऱ्या प्रश्नावरून.

मार्ग दोन आहेत. एक, अख्ख्या मशिनची इमेज: बूट पार्टिशन, ऑपरेटिंग सिस्टीम, ड्रायव्हर, सॉफ्टवेअर, युजर, परवानग्या, सगळं जसंच्या तसं. दोन, फक्त डेटा: डेटाबेसचा बॅकअप आणि कामाची फोल्डरं, वेळ आली की ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायची.

इमेजची खरी किंमत रिस्टोअरच्या दिवशी कळते. डिस्क गेली, नवी आणली, पेन ड्राइव्हवरून मशिन चालू केलं आणि इमेज उतरवली की झालं. ५०० जीबी डेटा साध्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला ११० एमबीच्या वेगाने आला तर सव्वा तासात काम होतं. याउलट नव्याने बसवायला घेतलं तर विंडोज अर्ध्या तासात पडतं, पण तो सगळ्यात सोपा भाग. मग अपडेट, मग एसक्यूएल सर्व्हरची (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) नेमकी तीच आवृत्ती, शेअर केलेली फोल्डरं, प्रिंटर, फायरवॉलमधला तो एक पोर्ट, आणि सॉफ्टवेअरची सेटअप फाइल, जी ऑफिसात कुणाकडेच नसते. त्यात सॉफ्टवेअरवाला पुण्याचा आणि वार शनिवार असेल तर सोमवारपर्यंत हातावर हात.

सिस्टीम जुनी असेल तर इमेज आणखी मोलाची. सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. अशा सिस्टीमवरच चालणारं सॉफ्टवेअर तुमच्या गळ्यात असेल, तर ती नव्याने उभी करणं दर वर्षी अवघड होत जाणार. (खरं तर ते सॉफ्टवेअरच बदलायला हवं, पण तो वेगळ्या बैठकीचा विषय.)

आता इमेजच्या खोड्या. क्लोनझिला हे इमेज काढणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भरवशाचं आहे, पण त्यासाठी सर्व्हर बंद ठेवावा लागतो. शिवाय एक सापळा आहे. इमेज काढताना क्लोनझिला वापरलेली जागाच उचलतं, म्हणून १ टीबी डिस्कमध्ये डेटा २०० जीबी असेल तर इमेज छोटीच होते. पण ती उतरवताना नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. जुनी १ टीबीची हार्ड डिस्क काढून हौसेने ९६० जीबीची एसएसडी आणली की ते अडून बसतं. पार्टिशन आधी लहान करून ठेवलं असेल तर निभावतं, पण डिस्क मेल्यावर ते कसं करणार?

विंडोज सर्व्हरमध्ये स्वतःचा बॅकअप येतो आणि त्यात बेअर मेटल रिकव्हरीवर (म्हणजे कोऱ्या मशिनवर अख्खी सिस्टीम परत उतरवण्याची सोय) टिक करता येते. चालू मशिनवर चालतो, पैसे पडत नाहीत. त्याला स्वतंत्र डिस्क दिलीत तर तो ती आधी फॉरमॅट करतो, तेव्हा मुलीच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क देऊ नका. नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये घेतलात तर तिथे फक्त शेवटची एकच प्रत राहते, आधीची पुसली जाते. छोट्या ऑफिसला माझी पसंती वीम या कंपनीच्या मोफत एजंटला (मशिनवर बसवायचं बॅकअप सॉफ्टवेअर): इमेजही मिळते आणि त्या इमेजमधून एखादीच फाइलही काढता येते. लिनक्सवाल्यांनी याच कामाचं रिलॅक्स अँड रिकव्हर हे सॉफ्टवेअर बघावं.

सगळ्यात मोठी अडचण येते मदरबोर्ड गेल्यावर. जुनं मशिन लिगसी बायोसवर (मशिन चालू करण्याची जुनी पद्धत) चालायचं, नवं यूईएफआयवालं (नवी पद्धत). रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, तेही वेगळं. इमेज उतरते, पण विंडोज निळ्या पडद्यावर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणून थांबतं. लिनक्स त्या मानाने समजूतदार, पण नेटवर्क कार्डाचं नाव बदलल्यामुळे आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) येत नाही आणि अर्धा तास केबल तपासण्यात जातो. म्हणून नवा सर्व्हर घेणार असाल तर थेट मशिनवर विंडोज टाकूच नका. खाली प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही (एका मशिनच्या पोटात आभासी मशिनं चालवणारी सॉफ्टवेअर) घाला आणि विंडोज त्यावर व्हर्च्युअल, म्हणजे आभासी मशिन म्हणून चालवा. मग इमेज कुठल्याही डब्यावर उतरते.

डेटाच्या बॅकअपचं बलस्थान वेगळं. तो छोटा असतो, रोज रात्री होतो आणि मागचे पंधरा दिवस वेगवेगळे ठेवता येतात. गेल्या गुरुवारी कुणी चुकून खातं पुसलं असेल तर गुरुवारच्या आधीचा बॅकअप काढता येतो. रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअप सॉफ्टवेअर वापरली तर न बदललेला भाग पुन्हा साठवला जात नाही, जागा वाचते. व्हायरस पंधरा दिवसांपासून मशिनमध्ये दबा धरून बसलेला असेल तर इमेजबरोबर तोही परत येतो. नव्या सिस्टीमवर नुसता डेटा घातला तर हा धोका बराच कमी होतो.

पण इथे लोक हमखास फसतात ते चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करण्यात. मायएसक्यूएल या डेटाबेसचं फोल्डर तो चालू असताना उचललं तर एक फाइल दहाची आणि दुसरी दहा वाजून चार मिनिटांची येते. फोल्डर दिसायला पूर्ण, डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही. मायएसक्यूएल-डम्प वापरा (सगळा डेटा एका मजकुराच्या फाइलीत, म्हणजे डम्पमध्ये, उतरवणारी कमांड), इनोडीबी प्रकारची टेबलं असतील तर सिंगल-ट्रान्झॅक्शनच्या पर्यायासह. फाइल झाली की तिची शेवटची ओळ बघा. "डम्प कम्प्लिटेड" असं लिहून पुढे तारीख-वेळ असते. ती ओळ नसेल तर डम्प मध्येच तुटलाय, मग फाइल कितीही मोठी दिसो. एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस आवृत्ती असेल तर तिच्यात वेळापत्रक लावणारा एजंटच नसतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून बॅकअप लावावा लागतो. कित्येक ठिकाणी तो कधी लावलेलाच नसतो.

हे फक्त छोट्यांच्याच बाबतीत घडतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरकडून चालू डेटाबेसचं फोल्डर उडालं. नेहमीचा डम्प शोधायला गेले तर आवृत्ती न जुळल्याने तो बनतच नव्हता, आणि तसं कळवणाऱ्या मेलही पोचत नव्हत्या. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणीची डिस्कची प्रत) कामी आला.

सांगलीत या सगळ्यावर आणखी एक हिशेब चढतो, कृष्णेचा. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच धावपळ. सर्व्हर उचलून माडीवर नेता येतो, पण लाईट नाही, रस्ता बंद, आणि दुसरी प्रत शेजारच्या गल्लीत ठेवली असेल तर तीही पाण्यात. कोल्हापूरच्या शाखेत ठेवली म्हणून निर्धास्त राहू नका. २०१९ ला दोन्ही शहरं एकाच वेळी बुडाली होती. दुसरी प्रत विट्याला, जतला किंवा आटपाडीला ठेवा. दुष्काळी पट्ट्याचा असाही उपयोग. आगीचंही तसंच: १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यातल्या काहींचं मूळ आणि प्रत दोन्ही गेलं.

मग सगळं क्लाउडवरच का नको? २० एमबीपीएस अपलोडवर ३ जीबीचा डम्प वीस मिनिटांत जातो, पण ५०० जीबीची इमेज चढायला दोन दिवसांहून जास्त लागतात. तेव्हा डेटा क्लाउडवर, इमेज डिस्कवर. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांतल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्या सर्व्हरवर हवा, म्हणून क्लाउड घेताना मुंबई किंवा हैदराबाद निवडा.

कुणी काय घ्यावं? फक्त टॅली चालवणाऱ्या दुकानाला इमेजची गरज नाही. टॅली कुठल्याही पीसीवर तासाभरात बसते, डेटा जपा. पतसंस्था आणि हॉस्पिटलला दोन्ही हवं: डेटा रोज रात्री (हॉस्पिटलला दिवसातून अनेकदा), इमेज महिन्यातून एकदा आणि मोठ्या बदलानंतर लगेच. डोमेनमधल्या (ऑफिसातल्या सगळ्या मशिनांचं लॉगिन एकाच ठिकाणाहून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) सर्व्हरची इमेज फार जुनी ठेवू नका. मशिनचा पासवर्ड दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो आणि जुनी इमेज उतरवली की डोमेनशी नातं तुटू शकतं. लिनक्सवर डॉकर (सॉफ्टवेअर तयार डब्यांत चालवण्याची सोय) वापरणाऱ्याला डेटा, ते डबे कसे उभे करायचे हे सांगणाऱ्या कंपोज फाइली आणि सिस्टीमच्या सेटिंगचं ईटीसी फोल्डर पुरे.

डिस्क दोन घ्या आणि आलटून पालटून लावा. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) सर्व्हरबरोबरच कुलूपबंद करतं. आणि रेस्टिक किंवा बोर्ग लावलंत तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा. तो नुसता सर्व्हरवरच्या नोटपॅडमध्ये असेल, तर सर्व्हर गेल्यावर बॅकअप उघडणार कशाने?