ब्युटाइलच्या भावात डांबर: माझे 6,70,240 रुपये कसे गेले

रक्कम आधीच सांगून टाकतो: 6,70,240 रुपये. एकाच माणसाला दिले, दोन आरटीजीएसने, माझ्या हाताने.

हे लिहायला मला वर्षाच्या वर लागलं, कारण लाज वाटत होती. बावीस वर्षं ज्या धंद्यात काढली त्याच धंद्यातला माल मला ओळखता आला नाही, हे चारचौघांत सांगायचं कसं? घरीसुद्धा आधी निम्मीच रक्कम सांगितली होती. पण मध्यंतरी बुटीबोरीच्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला, त्याची हकीकत ऐकली आणि म्हटलं, आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

माझं नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत छोटं युनिट आहे. गाड्यांच्या आतली आवाज दाबणारी ट्रिम आम्ही बनवतो: ट्रॅक्टरच्या केबिनचं छत, बॉनेटखालचं फेल्ट, बसच्या दारांचे पॅड, इंजिनावरच्या झाकणाचं अस्तर. पॅटर्न आम्हीच काढतो, फेल्ट आणि फोम आम्हीच प्रेसवर कापतो. पत्र्याला चिकटवायची डॅम्पिंग शीट मात्र बाहेरून घ्यावी लागते. फोम-फेल्ट हवेतला आवाज पितात, पत्र्याची थरथर त्यांच्याने थांबत नाही. शीटला वरून ॲल्युमिनियमची फॉइल आणि खाली ब्युटाइल रबराचा चिकट थर असतो. पत्रा थरथरला की तो थर पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये ओढला जातो आणि ती थरथर उष्णता होऊन जिरते. सगळी किंमत त्या दोन मिलिमीटरच्या थराची.

डांबराची शीटही असते, आणि ती वाईट असते असं मी म्हणत नाही. मोटारींच्या फ्लोअरवर डांबरी शीट अंथरून रंगाच्या भट्टीत ती पत्र्यावर वितळवून बसवतात, ही पद्धत जुनी आणि खरी आहे. पण छताला खालून, नुसत्या गोंदावर, नागपूरच्या मे महिन्यात? मुळीच नाही.

तर झालं असं. जानेवारी 2024 मध्ये मला बाहेरच्या राज्यातल्या एका पुरवठादाराचा फोन आला. मी एका व्यापारी साइटवर चौकशी टाकली होती, तिथून नंबर मिळाला म्हणाला. माझा नेहमीचा पुरवठादार 171 रुपयांना शीट देत होता, 460 बाय 800 मिलिमीटरची. हा म्हणाला 142. पुढची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे: सॅम्पल उत्तम, पहिला छोटा लॉट उत्तम, मग मोठा. 300 शीटचा पहिला लॉट 6 फेब्रुवारीला आला, जीएसटीसकट 50,268 रुपयांचा. आम्ही एकेक शीट तपासली. खरं ब्युटाइल होतं, ओढलं की च्युइंगगमसारखी तार निघायची.

तो स्वतः हिंगण्याला येऊन गेला. माणूस अडाणी नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. लॉस फॅक्टरबद्दल, म्हणजे शीट थरथर किती जिरवते त्या आकड्याबद्दल, बोलला, फॉइल किती मायक्रॉनची हवी यावर माझ्याशी अर्धा तास वाद घातला. मी त्याला सावजी जेवायला घेऊन गेलो. अशा माणसावर संशय कोण घेईल?

पण एक गोष्ट मी पाहायला हवी होती आणि पाहिली नाही. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही कोणाचाही नंबर टाकून नोंदणीची तारीख दिसते आणि कोणते रिटर्न भरले तेही दिसतं. त्याची नोंदणी चार महिन्यांची होती आणि तो मला पंधरा वर्षांच्या कारखान्याच्या गोष्टी सांगत होता. दोन मिनिटांचं काम. करा, आजच करा, जुन्या पुरवठादारांचंही करा.

मार्चमध्ये वाडीकडच्या एका बस बॉडी बनवणाऱ्याचं मोठं काम आलं, स्लीपर बसचं. भाव बसमागे ठरलेला, त्यामुळे शीटमागे वाचणारे 29 रुपये मला दिसत होते. 4,000 शीटवर 1,16,000 रुपये. ज्याला दर महिन्याच्या सात तारखेला चौदा माणसांचा पगार करायचा असतो त्याला हा आकडा काय वाटतो, ते नोकरी करणाऱ्याला कळणार नाही. ऑर्डर दिली. 5,68,000 रुपयांचा माल, वर 18 टक्के जीएसटी 1,02,240. निम्मे, म्हणजे 3,35,120, 4 मार्चला आगाऊ. उरलेले 3,35,120 बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो आल्यावर 16 मार्चला. माल यायच्या आधी पूर्ण पैसे. बिल्टीचा फोटो म्हणजे माल नव्हे. गाडी गेटवर आल्याशिवाय आणि एक खोका तुमच्या हाताने फोडल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका.

19 मार्चला माल आला. आता तो क्षण.

शीट चिकटवायच्या टेबलावर आमच्याकडे एक मावशी आहेत, अकरा वर्षं तेच काम करतात. त्यांनी पहिल्या शीटचा कागद सोलला, नाकाशी नेली आणि मला हाक मारली. "भाऊ, याले डांबराचा वास येऊन रायला." मी गेलो. वास घेतला. आला. खरंच आला, रस्त्याचं काम चालू असताना येतो तसा, मंद. मी शीटचा कोपरा ओढून पाहिला. तार निघाली नाही, तुकडा तुटला. फॉइलही पहिल्या लॉटपेक्षा पातळ वाटली, नखाने चिरत होती. हे सगळं मी माझ्या बोटांनी अनुभवलं, आणि मावशींना काय म्हणालो? "नवीन बॅच आहे, खोक्यात कोंडून आलाय माल. आठ दिवसांत वास जाईल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता दुसरी शीट घेतली.

त्या वाक्यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. बाहेर बसवाल्याची गाडी उभी होती, 31 मार्च तोंडावर होता, पैसे जाऊन तीन दिवस झाले होते. पैसे गेले असले की माणसाला वाससुद्धा वेगळा येतो, हे मला तेव्हा समजलं नाही. त्या दिवशी काम थांबवलं असतं तर निदान शीट बसच्या छतांना लागल्या नसत्या. खात्यात तेव्हा काही शिल्लकही असेल, तक्रार केली असती तर कदाचित गोठलं असतं. पैसे जाऊन थोडेच तास झाले असतील आणि फसवल्याची शंका आली तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मी दोन महिने गमावले.

आम्ही 17 बसना एकूण 1,870 शीट लावल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका बसच्या ड्रायव्हरने मालकाला फोन केला की छतातून काळं टपकून रायलं. मी जाऊन पाहिलं. वरच्या बर्थच्या गादीवर रुपयाएवढे काळे डाग पडले होते. छताचं कापड सोडवलं तर आतल्या शीट पत्र्यावरून सरकून घडी पडून कापडावर येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यातून डांबर पाझरत होतं. त्याच महिन्याच्या शेवटी नागपुरात 56 अंशांची बातमी उठली होती आणि नंतर तो सेन्सरचा दोष निघाला, आठवत असेल. खरा पारा पंचेचाळिसाच्या आसपास होता. पण उन्हात उभ्या बसच्या छताचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, हात ठेववत नाही. पुरवठादाराने दिलेल्या चाचणीच्या अहवालात लॉस फॅक्टर फक्त 20 अंशांवरचा दिला होता. आपण विदर्भात राहतो, 60 अंशांवरचा मागा. तो नसेल तर माल घेऊ नका.

आणि अहवाल कशाचा होता? त्याने पाठवलेल्या सॅम्पलचा. आग किती वेगाने पसरते याचा आयएस 15061 या मानकाप्रमाणेचा अहवालही होता, तोही त्या सॅम्पलचाच. दुसऱ्या लॉटचा एक कागदही माझ्याकडे नव्हता. प्रवासी झोपतात त्या छताखाली मी काय लावलं, या विचाराने मला अनेक रात्री झोप लागली नाही. सगळ्या 17 बस परत बोलावल्या. छतं उघडणं, खरवडणं, नवीन कापड, मजुरी यासाठी बसवाल्याने बसमागे 12,600 रुपयांची डेबिट नोट लावली, एकूण 2,14,200. त्याची चूक नाही. परत लावलेल्या खऱ्या शीटचे 3,19,770 मी नुकसानीत धरत नाही, तो माल तरी खरा मिळाला.

पुरवठादाराचा फोन मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून बंद. पत्त्यावर माणूस पाठवला, तिथे भाड्याचं गोदाम, रिकामं.

22 मेला मी पोलीस ठाण्यात गेलो. दोन तास बाकावर बसलो. अधिकाऱ्याने फाइल घेतली, दुसऱ्या लॉटचं बिल वाचलं आणि विचारलं, "यात ब्युटाइल कुठं लिहिलंय?" मी बिल हातात घेतलं. पहिल्या बिलावर 'ब्युटाइल डॅम्पिंग शीट' होतं आणि एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाचा प्रकार सांगणारा नंबर, 4005, म्हणजे रबराचा. दुसऱ्या बिलावर नुसतं 'डॅम्पिंग शीट 2 एमएम, फॉइलसह' आणि कोड 6807. तो डांबराच्या वस्तूंचा कोड आहे. त्याने डांबर म्हणूनच विकलं होतं, माझ्या तोंडावर लिहून. ते बिल माझ्या टेबलावरून गेलं, अकाउंटंटच्या टेबलावरून गेलं, कर दोन्हीचा 18 टक्केच म्हणून कोणालाच काही खटकलं नाही.

"बिलात लिहिलं तेच त्यानं दिलं. हा दिवाणी मामला आहे, वकील करा." मी माझी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, दाखवली, तिच्यात ब्युटाइल आहे. "ही तुमची. त्याची सही कुठं आहे?" नव्हती. पीओ पाठवून भागत नाही, समोरच्याचा सही-शिक्का घेऊन ती परत मागवा, बिलावरचे शब्द आणि कोड पीओशी ताडून पाहा, आणि जुळले नाहीत तर माल गेटच्या आत घेऊ नका.

मला राग बिल दाखवल्याचा नाही. राग याचा आहे की पहिला लॉट ब्युटाइलचा, कोटेशन ब्युटाइलचं, व्हॉट्सॲपवर त्याच्या तोंडचे 'ब्युटाइल' असलेले एकोणीस मेसेज, रिकामं गोदाम, बंद फोन, आणि तरी यात फसवण्याचा हेतू कोणाला दिसत नाही! चार वेळा गेलो. एकदा साहेब बंदोबस्तावर, एकदा निवडणूक मतमोजणीची ड्युटी, एकदा "सायबरवाल्यांकडे जा". सायबरवाले म्हणाले, ओटीपी कोणी घेतला नाही, लिंक नाही, पैसे तुम्हीच पाठवले, हे आमच्याकडे येत नाही. बँकेत गेलो. त्या खात्यातून पैसे पुढे कुठे गेले ते सांगा म्हटलं, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल नाही तर पत्र कसं देणार. गुन्हा का नाही, तर पुरावा नाही. पुरावा कुठे आहे, तर बँकेत. दोन महिने मी या तीन दारांमध्ये फिरत होतो आणि शेडमध्ये काम बंद.

कोणी सांगितलं, तुमचा उद्यम नंबर आहे, लघुउद्योगांच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाका. ते पोर्टल माल विकून पैसे थकलेल्यांसाठी आहे, 45 दिवसांत पैसे द्यायच्या नियमाचं. पैसे देऊन खरा माल न मिळालेल्याला त्यात जागाच नाही. एक दिवस त्यातही गेला.

आणि यावर कडी कराची. त्याने बिल जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, दाखवलं होतं, म्हणून माझ्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या माझ्या खरेदीच्या यादीत, ते आलं आणि मी 1,02,240 चं क्रेडिट घेतलं, म्हणजे तेवढा कर माझ्या करातून वजा केला. पण 3बी, म्हणजे कर भरायचा रिटर्न, भरून त्याने कर जमा केलाच नाही. नियम 37ए असा आहे की पुरवठादाराने पुढच्या 30 सप्टेंबरपर्यंत 3बी भरला नाही, तर घेणाऱ्याने 30 नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट परत करायचं. मी केलं. म्हणजे एकाच मालावर मी कर दोनदा भरला, एकदा चोराला आणि एकदा सरकारला. कर गोळा करायला ज्यांच्याकडे माझा प्रत्येक कागद आहे, त्यांच्याकडे त्या माणसाला शोधायला कागद नाही?

फ्रीजरचा उपाय मला नंतर एका जुन्या ट्रिमवाल्याने सांगितला. शीटचा तुकडा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी दुमडा. डांबर काडकन मोडतं, ब्युटाइल वाकतं. फुकट आहे. आता प्रत्येक लॉटमधल्या पाच खोक्यांतून तुकडे घेऊन आम्ही हेच करतो, शिवाय एक तुकडा पत्र्यावर चिकटवून 80 अंशांच्या ओव्हनमध्ये उभा ठेवतो. मावशींनी नाक मुरडलं तर त्या दिवशी ती शीट लागत नाही, मग बाहेर कोणाचीही गाडी उभी असो.

वकिलांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करून मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे, गुन्हा नोंदवायचा आदेश मिळावा म्हणून. बुटीबोरीच्या माणसाचे 4,12,800 गेले. विकणाऱ्या फर्मचं नाव वेगळं, जीएसटी नंबर वेगळा, पण त्याच्या आणि माझ्या ई-वे बिलावर, म्हणजे माल वाहतुकीच्या कागदावर, गाडीचा नंबर एकच आहे आणि कोड तोच, 6807. त्याची कागदपत्रं आता माझ्या अर्जाला जोडली आहेत. तुमच्याकडे असं बिल असेल तर लाजेपायी फाडू नका, ई-वे बिलावरचा गाडी नंबर आधी पाहा.

न लावलेल्या 2,130 शीट शेडच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला. दिल्या नाहीत, कोर्टात दाखवायच्या आहेत.