टार, एमटी आणि एलटीओ-७: टेपवर पूर्ण बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टचा काही महिन्यांचा अनुभव

गेले काही महिने एका लिनक्स सर्व्हरचा पूर्ण बॅकअप दर आठवड्याला एलटीओ-७ या पिढीच्या चुंबकीय टेपवर जातोय. त्यामागे विकतचं कुठलंही सॉफ्टवेअर नाही. एक बॅश स्क्रिप्ट, तिच्यात टार (फाइली एकत्र बांधणारा), एमटी (टेप मागेपुढे करणारा) आणि एमबफर (मधला मेमरीतला साठा), आणि तिला वेळेवर सुरू करायला क्रॉन, एवढाच पसारा. रोजचा फरकाचा बॅकअप वेगळ्या मशीनच्या डिस्कवर जातो, तो या लेखाचा विषय नाही. माझं मत आधीच सांगतो: ही व्यवस्था मी बदलणार नाही. मात्र स्क्रिप्ट लिहायला जितकी सोपी वाटते तितकी ती विश्वासार्ह करायला सोपी नाही, आणि फरक अगदी मोजक्या जागी पडतो.

टेपच का, तर कार्ट्रिज बाहेर काढून कपाटात ठेवलं की ते कुठल्याच तारेला जोडलेलं नसतं. चुकीची कमांड, रॅन्समवेअर, स्टोरेजमधला बग, यांपैकी काहीही तिथवर पोचत नाही. फेब्रुवारी २०११मध्ये जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांमधल्या मेल दिसेनाशा झाल्या, तेव्हा गूगलकडे त्यांच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या. सॉफ्टवेअरच्या बगने त्या प्रतीही गाठल्या आणि शेवटी मेल परत आल्या त्या टेपवरून. प्रती किती आहेत यापेक्षा त्यातली एखादी खरोखर तुटक आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता स्क्रिप्ट. टेपचं डिव्हाइस दोन नावांनी दिसतं. एसटी० वापरलं तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. एनएसटी० वापरलं तर ती जिथे थांबली तिथेच राहते. एका टेपवर एकापेक्षा जास्त फाइली ठेवायच्या असतील तर एनएसटी० हवंच, कारण एसटी०वर दुसरी फाइल लिहायला घेतली की ती पहिलीच्या डोक्यावर बसते आणि कुठलीही एरर येत नाही. शिवाय शेवटचा आकडा रीबूटनंतर बदलू शकतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये मी ड्राइव्हच्या सीरियल नंबरवर आधारलेलं बाय-आयडी फोल्डरमधलं कायमचं नाव दिलंय.

लिहायला सुरुवात करण्याआधी स्क्रिप्ट टेप रिवाइंड करून तिच्यावरची पहिली छोटी फाइल वाचते. त्यात टेपचं लेबल आणि शेवटच्या बॅकअपची तारीख असते. या आठवड्याला जी टेप अपेक्षित आहे तीच ड्राइव्हमध्ये नसेल, तर काम तिथेच थांबतं आणि मेल येतो. कोरी टेप हातानेच लेबल करायची. स्क्रिप्टला तो अधिकार मुद्दाम दिलेला नाही. एवढ्या एका तपासणीने ताज्या बॅकअपवर दुसरा बॅकअप चढण्याची शक्यता जवळजवळ संपते.

या पहिल्या फाइलमध्ये आणखीही बरंच काही ठेवतो: पार्टिशन टेबलचा डंप, एलव्हीएमची (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था) रचना, एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी), डिस्कचे यूयूआयडी (ओळख क्रमांक), वापरलेला ब्लॉक साइज आणि खुद्द ती स्क्रिप्ट. सगळं साधं टेक्स्ट. सर्व्हरच गेला तर हीच माहिती सर्वात आधी लागते, आणि ती त्याच सर्व्हरच्या डिस्कवर असून काय उपयोग? दुसरी फाइल डेटाबेसचा डंप, आणि तिसरी पूर्ण सिस्टिमचं टार.

सर्वात जास्त वेळ मी टेपकडे जाणाऱ्या डेटाच्या ओघावर घालवला. एलटीओ-७चा कॉम्प्रेशनशिवायचा वेग सेकंदाला ३०० एमबी. ड्राइव्ह आपला वेग समोरून येणाऱ्या डेटाप्रमाणे कमी करतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली डेटा आला की तो थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो, थोडं लिहितो, पुन्हा थांबतो. यालाच शू-शायनिंग म्हणतात. टेप आणि हेड दोन्ही झिजतात आणि बॅकअपचा वेळ वाढतो तो वेगळाच. लाखो बारीक फाइली असलेली डिरेक्टरी वाचताना टार सेकंदाला ५० एमबीपर्यंत सहज खाली येतं, म्हणजे टार थेट ड्राइव्हला जोडणं हा पर्यायच राहत नाही.

मध्ये एमबफर टाकला. त्याला ८ जीबी मेमरी दिली आणि टाकी ९० टक्के भरल्याशिवाय नळ सोडायचा नाही असं सांगितलं. हिशेब सरळ आहे: आत ५० एमबी, बाहेर ३०० एमबी, म्हणजे सात जीबीच्या आसपासचा साठा अर्ध्या मिनिटात रिकामा होतो आणि पुन्हा भरायला सुमारे अडीच मिनिटं लागतात. ड्राइव्ह सतत धडपडण्याऐवजी तीन मिनिटांत एकदाच थांबतो. आवाजातला फरक रॅकजवळ उभं राहिलं की लगेच कळतो; आधीची करकर जाऊन एकसुरी घरघर येते. त्यातही सर्वात बारीक फाइलींच्या दोन डिरेक्टरींचं टार मी आधी एसएसडीवर बनवतो आणि मग ती एकच मोठी फाइल टेपवर पाठवतो. जागा लागते, पण ओघ तुटत नाही.

दुसरी नाजूक जागा एक्झिट कोडची, म्हणजे कमांड संपताना यश-अपयश सांगणाऱ्या आकड्याची. टारचं आउटपुट पाइपने एमबफरकडे गेलं की शेल फक्त शेवटच्या कमांडचा निकाल बघतो. टार अर्ध्यात कोसळलं तरी एमबफरने मिळालं तेवढं नीट लिहिलं असेल, तर स्क्रिप्टला सगळं आलबेल दिसतं. म्हणून बॅशचं पाइपफेल (मधली कमांड पडली तरी अपयश धरणारं) चालू करणं सक्तीचं, आणि नेमकं कोण पडलं ते कळायला पाइपस्टेटस (प्रत्येक कमांडचा कोड) लॉगमध्ये लिहायचं. ग्नू टारचे कोड तीन: शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे काही फाइली वाचता वाचता बदलल्या, दोन म्हणजे गंभीर चूक. अनेक जण एककडे सरळ डोळेझाक करतात. चालू सिस्टिमवर लॉग फाइली बदलणारच, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. मी मात्र आधी एलव्हीएम स्नॅपशॉट (व्हॉल्यूमचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) घेऊन तो रीड-ओन्ली माउंट करतो आणि त्याचंच टार करतो. स्थिर स्नॅपशॉटवर एक यायचं कारणच नाही, म्हणून शून्य सोडून काहीही आलं की बॅकअप नापास.

स्नॅपशॉटची स्वतःची एक अट आहे. बॅकअप चालू असताना मूळ व्हॉल्यूमवर जे बदल होतात त्यांचा जुना भाग स्नॅपशॉटच्या राखीव जागेत जातो, आणि ती जागा भरली की अख्खा स्नॅपशॉट निकामी होतो. स्क्रिप्ट शेवटी ती किती भरली होती ते लॉगमध्ये टाकते. फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर माउंट करताना नोयूयूआयडी द्यायला विसरू नका, कारण स्नॅपशॉटचा यूयूआयडी मूळ व्हॉल्यूमचाच असतो.

मेलबद्दल थोडं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसमधला डेटा पुसला गेला, तेव्हा त्यांचा डंप आवृत्ती न जुळल्यामुळे बंद पडलेला होता आणि चूक झाल्याचे क्रॉनने पाठवलेले मेल डीमार्कच्या (मेल पाठवणाऱ्याची ओळख तपासणारी पद्धत) कारणाने नाकारले जात होते. त्यांनी हे सगळं उघडपणे मांडलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. चूक झाली की मेल, ही पद्धत एकटी पुरत नाही हे तिथून शिकावं. माझी स्क्रिप्ट यश मिळाल्यावर दुसऱ्या मशीनवर तारखेची खूण ठेवते, आणि खूण आठ दिवसांपेक्षा जुनी झाली की ते दुसरं मशीन ओरडतं.

लिहून झालं की स्क्रिप्ट तीच फाइल टेपवरून परत वाचते. लिहितानाच टी या कमांडने ओघाला फाटा काढून शा-२५६ चेकसम (डेटाचा ठसा) काढलेला असतो. वाचताना पुन्हा काढायचा आणि जुळवायचा. ड्राइव्ह स्वतः लिहिल्या लिहिल्या वाचून खात्री करतो हे खरं, पण फाइल अपेक्षित जागी आणि पूर्ण आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. या वाचनाने रात्रीचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. तरी ते काढून टाकायला मी कधीच तयार होणार नाही.

रिस्टोअरचा सराव सुट्या मशीनवर, लाइव्ह यूएसबीवरून करतो. तिथे तीन गोष्टी हमखास आडव्या येतात. टार मुळात १० केबीच्या ब्लॉकने वाचतं. मी टारला मायनस बी ५१२ हा पर्याय देऊन २५६ केबीच्या ब्लॉकने लिहितो. वाचताना तेच दिलं नाही, तर मेमरी कमी पडल्याचा संदेश येतो आणि माणूस उगाच रॅम तपासत बसतो. दुसरं, मालक आकड्यांनीच ओळखणारा न्यूमेरिक-ओनर पर्याय हवाच, नाहीतर लाइव्ह सिस्टिममधली युजरची नावं आणि मूळ आकडे यांची सरमिसळ होते. तिसरं सर्वात फसवं: एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूट, म्हणजे फाइलीला जोडलेली जादा माहिती. ते साठवायला सांगितलं तरी काढताना टार फक्त युजर गटातलीच घेतं, बाकीची हवी तर तसं वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर सिस्टिम बूट होते, सगळं छान दिसतं, आणि काही प्रोग्रामना दिलेल्या फाइल कॅपॅबिलिटी (खास अधिकार) गायब असतात. त्यानंतर ग्रब हा बूटलोडर बसवणं आणि एफएसटॅबमधले यूयूआयडी दुरुस्त करणं ही नेहमीची कामं.

उणिवाही आहेत. टारला इंडेक्स नसतो, त्यामुळे एकच फाइल हवी असली तरी सुरुवातीपासून वाचत जावं लागतं. फाइलींची यादी मी डिस्कवर ठेवतो, पण तिच्यामुळे फक्त फाइल कुठल्या टेपवर आहे ते कळतं. वारंवार सुट्या फाइली काढायच्या असतील तर एलटीओ-५पासून आलेलं एलटीएफएस (टेपवरची फाइल सिस्टिम) बघा. पूर्ण सिस्टिमचे मालक, परवानग्या, हार्ड लिंक जपायच्या असतील तर टारच. खोक्यावरचा १५ टीबीचा आकडा २.५ पट कॉम्प्रेशन धरून छापलेला असतो. हिशेब ६ टीबीचाच करा, विशेषतः डेटा आधीच दाबलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला असेल तर. एन्क्रिप्शन हवं असेल तर एलटीओ-४पासूनच्या ड्राइव्हमध्ये एईएस-२५६ची सोय आहे आणि तिथे कॉम्प्रेशन आधी होतं. किल्ली मात्र टेपपासून आणि सर्व्हरपासूनही वेगळी ठेवावी लागते.

क्लीनिंग कार्ट्रिज ड्राइव्ह मागेल तेव्हाच घालतो, कारण त्यानेही हेड थोडं घासलं जातंच. दर बॅकअपनंतर स्क्रिप्ट टेपअलर्टचे (ड्राइव्हचे स्वतःचे इशारे) संदेश लॉगमध्ये घेते, तेवढं पुरतं. जुन्या टेप सांभाळणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: एलटीओ-७ ड्राइव्ह दोन पिढ्या मागचं वाचतो, पण एलटीओ-८ एकच. एलटीओ-६च्या टेपा असतील तर ड्राइव्ह बदलण्याआधी त्यांची सोय लावा.

कार्ट्रिज बदलणं एवढंच काम हाताने उरलंय. ऑटोलोडर (टेपा आपोआप बदलणारं यंत्र) आणि त्याला चालवणारी एमटीएक्स कमांड वापरून तेही स्क्रिप्टवर सोपवता येईल, आणि टेपांची संख्या मोठी असेल तर सोपवावंच लागतं. एका सर्व्हरसाठी मला ते नकोय. ऑटोलोडरमधल्या टेपा रूट मिळवलेला कोणीही एका कमांडने पुन्हा ड्राइव्हमध्ये आणून पुसू शकतो. माझी स्क्रिप्ट शेवटी एमटीची ऑफलाइन कमांड देऊन टेप बाहेर ढकलते. सकाळी मी तिच्यावरचं राइट-प्रोटेक्टचं बटण सरकवतो, वहीत लेबल आणि चेकसमचे पहिले आठ अक्षर-आकडे लिहितो आणि पुढच्या आठवड्याची टेप आत घालतो.