ग्नोम, प्लाझ्मा की एक्सएफसीई? सत्तेचाळिसावं पान कुठे पटकन सापडतं

लिनक्स टाकायचं ठरलं, डिस्ट्रोही (म्हणजे लिनक्सचा तयार संच) ठरली, आणि डाउनलोडच्या पानावर पुन्हा ग्नोम, प्लाझ्मा, एक्सएफसीई अशी डेस्कटॉपची, म्हणजे खिडक्या, मेनू, पॅनेल दाखवणाऱ्या भागाची, तीन-चार नावं पुढे आली की माणूस अडतो. मीही अडलो होतो. तेव्हा स्क्रीनशॉट बघून निवड केली आणि पुढची तीन वर्षं त्या निवडीशी जुळवून घेण्यात काढली. म्हणून आधीच सांगून टाकतो की हा लेख फारसा तटस्थ नाही. ग्नोम मी तीन वर्षं रोज वापरला, एक्सएफसीई एका जुन्या लॅपटॉपवर आजही चालू आहे, आणि गेली दोन वर्षं मुख्य मशीनवर केडीई प्लाझ्मा आहे. सिनॅमन आणि माटे पाहुण्यासारखे वापरलेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल गप्प बसतो.

माझं कामही सांगायला हवं, कारण निकाल त्यातून लागला. मी स्कॅन केलेल्या पुस्तकांची पानं तपासतो. एकेका फोल्डरमध्ये तीनशे-चारशे चित्रं, नावं 001, 002, 003 अशी. ओसीआरनं (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमनं) काढलेला मजकूर एका खिडकीत आणि मूळ पान दुसऱ्या खिडकीत. पान शोधायचं, मग त्याच्या आधीचं आणि नंतरचंही बघायचं, कारण वाक्य नेमकं पानाच्या टोकाशी तुटलेलं असतं. दिवसभर हेच. तुमच्या कामात फोल्डर क्वचितच उघडत असेल, तर खालचा अर्धा राग तुम्ही माफ करून टाका.

आधी ग्नोमचं कौतुक, आणि ते मनापासून. 2011 मध्ये ग्नोम 3 आला तेव्हा लोक इतके चिडले की माटे आणि सिनॅमन या दोघांचा उगम त्या नाराजीत आहे. पण आज कोऱ्या मनानं ग्नोमसमोर बसलं तर तो राग समजतसुद्धा नाही. सुपर बटण (कीबोर्डवरचं विंडोजचं चिन्ह असलेलं) दाबलं की सगळ्या खिडक्या पसरून समोर येतात, अ‍ॅपच्या नावाची दोन अक्षरं टाइप केली की अ‍ॅप उघडतं. टचपॅडवर तीन बोटं सरकवली की पुढचं वर्कस्पेस, म्हणजे खिडक्यांचा दुसरा संच, बोटांबरोबर सरकत येतं, मध्येच थांबलात तर तेही थांबतं. लॅपटॉपवर ही चाल इतकी अंगवळणी पडते की मी प्लाझ्मावर आल्यावर पहिला महिना सुपर दाबून उघडलेल्या मेनूकडे बघत बसायचो. सेटिंग्ज कमी आहेत, आणि बऱ्याच जणांना तेच हवं असतं. लावून घ्यायचं काही नाही, बसायचं आणि काम सुरू करायचं.

आता सत्तेचाळिसावं पान.

ग्नोमच्या फाइल मॅनेजरमध्ये, म्हणजे पूर्वीच्या नॉटिलसमध्ये, फोल्डर उघडून 047 टाइप करा. अपेक्षा अशी की निवड उडी मारून त्या फाइलवर जाईल आणि वर 046, खाली 048 दिसतील. तसं होत नाही. तिथे शोध सुरू होतो. फोल्डरमधली यादी जाते आणि तिच्या जागी ज्या ज्या फाइलच्या नावात कुठेही 047 आहे त्या सगळ्या येतात, उपफोल्डरांतल्या धरून. माझ्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरात 'मूळ', 'कापलेली', 'सरळ केलेली' अशी तीन उपफोल्डरं असतात. म्हणजे एकाच पानाचे तीन-चार जुळे समोर, आणि त्यांच्यातलं खरं कुठलं ते फोल्डरच्या नावावरून ओळखायचं. ओळखलं, उघडलं. आता 048 हवंय. ते या यादीत नाहीच! एस्केप दाबा, मूळ फोल्डरात परत या, आणि तिथून स्क्रोल करत जा.

ही चूक नाही, ठरवून केलेला बदल आहे. 2012 च्या 3.6 आवृत्तीत अक्षरं टाइप करून उडी मारायची जुनी सोय काढली आणि तिच्या जागी शोध आणला. त्याच आवृत्तीत एफ3 नं खिडकीचे दोन भाग करायची सोयही गेली. त्यामागचा विचार मला कळतो. बहुतेकांना फाइल कुठे ठेवली तेच आठवत नाही, त्यांना शोधच लागतो. पण शोध आणि उडी या दोन वेगळ्या गरजा आहेत. शोधताना मला फाइल हवी असते, उडी मारताना तिचा शेजारही हवा असतो. सेटिंगमध्ये उपफोल्डरांतला शोध बंद करता येतो, तो मी केला. जुळे गेले, शेजार काही परत आला नाही.

'मग दुसरा फाइल मॅनेजर टाक की', असं तुम्ही म्हणाल. टाकला. ग्नोमवर सिनॅमनचा निमो मी चार महिने वापरला, आणि तेवढ्यापुरतं बरं चाललं. पण एखाद्या अ‍ॅपमधून 'उघडा' म्हटलं की जी खिडकी यायची ती फाइल मॅनेजरची नसायची, ती जीटीकेची, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या साधनपेटीची, असायची (2024 च्या ग्नोम 47 पासून ती फाइल मॅनेजरचीच आहे). तिथेही टाइप केलं की शोधच. शिवाय त्या खिडकीत चित्रांचे थंबनेल कितीतरी वर्षं जाळीत दिसतच नव्हते, नुसती नावांची यादी. ही मागणी 2004 पासून नोंदलेली होती, ती पुरी झाली 2023 च्या मार्चमध्ये, ग्नोम 44 बरोबर. उशिरा का होईना, आली. पण मी तोवर कंटाळलो होतो.

एक्स्टेन्शनचा, म्हणजे ग्नोमला वरून जोडायच्या छोट्या पुरवण्यांचा, भाग थोडक्यात उरकतो. ग्नोममध्ये जे नाही ते एक्स्टेन्शननं आणता येतं, हे खरं आहे. ट्रेमधले, म्हणजे मागे चालू असलेल्या प्रोग्रॅमचे, आयकॉन 3.26 मध्ये, 2017 साली गेले, तेही लोक एक्स्टेन्शननंच परत आणतात. फक्त प्रत्येक एक्स्टेन्शनला आपण कोणत्या आवृत्तीवर चालतो ते लिहून ठेवावं लागतं आणि ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. 2023 च्या सप्टेंबरमध्ये ग्नोम 45 आला तेव्हा तर आतली रचनाच बदलली आणि सगळी एक्स्टेन्शनं नव्यानं जुळवावी लागली. माझी पाच होती. अपग्रेडनंतरच्या सकाळी त्यातली दोन उठली. बाकीची तीन काही आठवड्यांत आली, फुकट काम करणाऱ्यांना त्याहून घाई कशी करणार? पण मला तेव्हा जाणवलं की मी ग्नोम वापरतच नाहीये. मी ग्नोमला दुसरंच काहीतरी करून वापरतोय. ज्याला तो आहे तसा आवडतो त्याला हा त्रास कधीच होत नाही, आणि ग्नोम खरा त्याच्यासाठी आहे.

प्लाझ्माच्या फाइल मॅनेजरमध्ये, म्हणजे डॉल्फिनमध्ये, 047 टाइप केलं की निवड 047 वर. वर 046, खाली 048. एफ11 दाबलं की उजवीकडे पानाचं मोठं चित्र, बाणानं खाली गेलं की पुढचं पान तिथेच. एफ3 दाबलं की खिडकी दुभंगते: डावीकडे 'मूळ', उजवीकडे 'सरळ केलेली'. एफ4 नं खाली टर्मिनल उघडतं, तेही त्याच फोल्डरात. नावावरून छाटायचं असेल तर कंट्रोल-आय, तेव्हा गाळणी लागते, पण मी मागितली तरच. पहिल्या दिवशी मी फोल्डर उघडून उगाचच आकडे टाइप करत बसलो होतो. हे लिहिताना हसू येतं, पण डेस्कटॉप बदलण्यामागचं माझं कारण खरोखर एवढंच होतं.

आता प्लाझ्माचं खरकटं. सेटिंग्ज इतकी की एखादी गोष्ट कुठे आहे हे शोधायला सेटिंग्जमध्येच शोधपेटी वापरावी लागते. अ‍ॅक्टिव्हिटी नावाचं प्रकरण मला आजतागायत कळलेलं नाही, आणि ते न कळताही माझं काही अडलं नाही. डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून एडिट मोडमध्ये गेलं की सगळंच हलतं. तिथे मी एकदा खालचं पॅनेलच उडवलं. ते पुन्हा जोडता येतं, पण घड्याळ, ट्रे, अ‍ॅपची बटणं हे सगळं माझ्या क्रमानं परत लावण्यात अर्धा तास गेला. प्लाझ्मा 5 मध्ये तर एका क्लिकमध्ये फाइल उघडायची, निवडायला जावं आणि उघडून बसावी! ते सहाव्या आवृत्तीत, 2024 च्या फेब्रुवारीत, दोन क्लिकवर आणलं. त्याच आवृत्तीत वेलँड (खिडक्या पडद्यावर दाखवणारी नवी यंत्रणा) हे आपोआप सुरू होणारं सेशन झालं. दुसरा मॉनिटर काढला-लावला की पॅनेल भलत्याच पडद्यावर जाऊन बसायचं, तेही माझ्याकडे सहाव्या आवृत्तीपासून थांबलंय. तुमच्याकडे थांबेलच असं छातीठोकपणे नाही सांगत.

थोडक्यात, ग्नोममध्ये जे नाही त्याचा त्रास होतो आणि प्लाझ्मामध्ये जे आहे त्याचा. मला दुसरा त्रास परवडतो, कारण तो एकदा निस्तरला की संपतो.

एक्सएफसीईबद्दल माझ्या मनात हळवा कोपरा आहे. त्याचा वेग बघा: 4.12 आली 2015 मध्ये, 4.14 आली 2019 मध्ये. चार वर्षं मेनू जिथल्या तिथे. हल्ली दोन वर्षांनी आवृत्ती येते, 4.18 डिसेंबर 2022 ची आणि 4.20 डिसेंबर 2024 ची, तरीही अपग्रेड झाल्याचं मला पुष्कळदा कळलंच नाही. थुनारमध्ये, म्हणजे त्याच्या फाइल मॅनेजरमध्ये, 047 टाइप केलं की खाली छोटी पेटी उघडते आणि निवड बरोबर जागी जाते. 4.18 पासून चित्राचं पूर्वदृश्य बाजूला दिसतं आणि कंट्रोल-झेडनं चुकून हलवलेली फाइल परत येते. माझ्या मुख्य कामाला हे पुरेसं होतं.

मग तिथेच का थांबलो नाही? दोन कारणं. एक तर 'उघडा' म्हटल्यावर येणारी खिडकी इथेही जीटीकेचीच, म्हणजे अर्धं दुखणं तसंच. आणि दुसरं म्हणजे पडदा. नव्या लॅपटॉपच्या दाट पडद्यावर मला सगळं सव्वापट हवं होतं. एक्सएफसीईमध्ये एकपट आणि दुप्पट सरळ मिळतं. मधलं माप 4.16 पासून पडद्याच्या सेटिंगमध्ये आहे, पण त्यात अक्षरं धूसर होतात, आणि फॉन्टचा डीपीआय (अक्षरांचं माप ठरवणारा आकडा) वाढवला तर अक्षरं मोठी आणि बटणं तेवढीच असा प्रकार होतो. दिवसभर जोडाक्षरं वाचणाऱ्याला तो जाचतो. वेलँडचं काम 4.20 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झालंय, तेव्हा पुढे बदलेलही. प्लाझ्मात 125 टक्क्यांवर सरकपट्टी ठेवली आणि विषय संपला. खिडकीची कडा पकडून ती लहान-मोठी करायची तर एक्सएफसीईच्या काही थीममध्ये कडा इतकी बारीक असते की माऊस थरथरला तरी सुटते. त्यावर उपाय असा की आल्ट धरून माऊसच्या उजव्या बटणानं खिडकी कुठूनही ओढायची. हे मला चार वर्षांनी कळलं.

मेमरीचा प्रश्न हमखास येतो, म्हणून दोन वाक्यं. प्लाझ्मा जड, एक्सएफसीई हलका हे पूर्वी ऐकलेलं अजून लोकांच्या तोंडात आहे. जुन्या, चार जीबीच्या मशीनवर फरक मला जाणवतो, पण नव्या मशीनवर ब्राउझरचे दहा टॅब उघडले की तिन्ही डेस्कटॉप सारखेच वाटतात.

कुणी विचारलं तर मी काय सांगतो? लॅपटॉपचं टचपॅडच तुमचा माऊस असेल, सेटिंग्ज उघडायचा तुम्हाला कंटाळा असेल आणि फाइली तुम्ही शोधूनच काढत असाल, तर ग्नोम घ्या आणि एकही एक्स्टेन्शन टाकू नका. मशीन जुनं असेल किंवा ते अशा माणसाचं असेल ज्याला बदललेलं बटण दिसलं की फोन करावासा वाटतो, तर एक्सएफसीई. फोल्डरांत राबत असाल तर प्लाझ्मा एकदा तरी बघा. ठरवण्याआधी तिन्ही लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे मशीनवर न टाकता पेन ड्राइव्हवरूनच, चालवा, पण वॉलपेपर बघत बसू नका. आपलं खरं फोल्डर पेन ड्राइव्हवर न्या आणि रोज सगळ्यात जास्त वेळा जे करता ते पंधरा मिनिटं करा.

जुन्या लॅपटॉपवर एक्सएफसीई तसाच ठेवलाय. तिथे काम करताना अधूनमधून बोटं सवयीनं एफ4 दाबतात, टर्मिनलची वाट बघतात, आणि थोड्या वेळानं लक्षात येतं की मशीन दुसरं आहे.