नर्सच्या कपाटातला खाऊ: ग्लुकोजच्या गोळ्या, ज्यूस, जेल आणि बिस्किटं

डायबेटिस असलेल्या मुलांसाठी शाळेच्या नर्सच्या खोलीत खाऊ भरताना हमखास एक गल्लत होते. शुगर उतरल्यावर द्यायचं गोड आणि भुकेला द्यायचा खाऊ एकाच डब्यात जातो. मूल घामाने डबडबलेलं असतं, हात थरथरत असतात आणि घाईत हाताला लागतो तो क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. चॉकलेटचंही तसंच. म्हणून डबे दोन हवेत, वेगळ्या रंगांचे.

पहिल्या डब्यात ग्लुकोजच्या चघळायच्या गोळ्यांना तोड नाही, कारण त्या मोजता येतात. बहुतेक गोळ्यांत 4 ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चार गोळ्यांत 16. शुगरचं रीडिंग 70 (mg/dL) च्या खाली आलं की 15 ग्रॅम द्यायचे, 15 मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. हा हिशेब गोळ्यांवर सहज बसतो. लहान मुलांना इतकं लागत नाही. वजनाच्या दर किलोला साधारण 0.3 ग्रॅम धरतात, म्हणजे 20 किलोच्या मुलाला दीड गोळी पुरते. अर्थात डॉक्टरांनी त्या मुलासाठी लिहून दिलेलं प्रमाण आधी. उणीव दमटपणाची: नळीचं झाकण सैल राहिलं की गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात. शिवाय दहा गोळ्यांची एक नळी पुरत नाही. दोनदा गोळ्या देऊनही शुगर वर आली नाही, तर तिसऱ्या खेपेपर्यंत मोठ्या मुलाला बारा लागतात.

ज्यूस दुसऱ्या क्रमांकावर. कोरड्या तोंडाने गोळी चावणं नको वाटणारी मुलं तो पटकन पितात. पण खोका 125 मिलीचाच घ्यावा. 100 मिलीत साधारण 10 ते 12 ग्रॅम साखर असते. 200 मिलीचा खोका पूर्ण पाजला की 20 ते 24 ग्रॅम जातात आणि तासाभरात शुगर नको तितकी चढते. 'शुगर-फ्री' पेय चुकूनही या डब्यात नको, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. आणि एक बारीक गोष्ट: ज्यूस बोटांना लागला असेल तर ग्लुकोमीटर खोटं जास्त रीडिंग दाखवतो. पुन्हा तपासण्याआधी हात पाण्याने धुऊन कोरडे करावेत. अंगावर शुगर मोजणारा सेन्सर लावलेला असला तरी तो काही मिनिटं मागे असतो, तेव्हा बोटातूनच तपासावं.

ग्लुकोजचं जेल महाग वाटलं तरी एक-दोन ट्यूब असाव्यात. चावण्याचं त्राण नाही पण गिळता येतंय, अशा मुलाला ते सोपं जातं. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर जेलसुद्धा तोंडात घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉन (शुगर वर चढवणारं तातडीचं औषध) द्यायचं, रुग्णवाहिका बोलवायची.

दुसऱ्या डब्यात साधी बिस्किटं पुरेत, एकेक छोट्या पुड्यात, शेंगदाणे आणि इतर सुकामेवा नसलेली. शुगर 70 च्या वर आली आणि पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तरच ती द्यावीत. इन्सुलिन पंपावरच्या मुलांना बहुधा तीही लागत नाहीत.

प्रत्येक पुड्यावर ग्रॅमचा आकडा मार्करने ठळक लिहून ठेवावा. नर्स सुट्टीवर असताना कपाट दुसरंच कोणीतरी उघडतं.