रबाळ्याचे ड्राय आइसचे दुकान आणि फियॉर्डमधला गाळ

रबाळे एमआयडीसीतल्या ज्या दुकानातून मी साडेचार वर्षे ड्राय आइस, म्हणजे गोठवून घन केलेला कार्बन डायऑक्साइड, घेत आले, त्याची पाटी उन्हाने इतकी फिकी पडली आहे की नवख्या माणसाला ते दोन कारखान्यांमधले बंद गोदामच वाटेल. गिऱ्हाईक म्हणून मी तिथे किरकोळ. मासळी निर्यात करणारे, आइस्क्रीमवाले, औषधांचे वितरक आणि लग्नसमारंभात धूर सोडणारे या सगळ्यांच्या मागे माझा नंबर लागतो. तरीही गेल्या महिन्यात पीएचडीचा प्रबंध सादर झाल्यावर या दुकानाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण माझे नमुने आर्क्टिकमधून आले असले तरी ते टिकले या गल्लीतल्या मालावर. थोडक्यात सांगायचे तर माल खरा, वजन चोख, वेळ बेभरवशाची आणि बांधणी वाईट.

माझा विषय नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहातल्या कोंग्सफियॉर्डच्या तळाशी साचलेल्या गाळातले जिवाणू हा आहे; फियॉर्ड म्हणजे जमिनीत आत शिरलेला समुद्राचा अरुंद, खोल फाटा. या फियॉर्डच्या काठावर, सुमारे ७९ अंश उत्तर अक्षांशावर, न्यू-आलेसुंद ही पूर्वी कोळशाच्या खाणींवर जगणारी वस्ती आहे. १९६२च्या स्फोटानंतर खाण बंद झाली आणि आता तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन केंद्रे आहेत. भारताचे हिमाद्री हे केंद्र तिथे २००८ पासून आहे आणि २०१४ मध्ये भारताने या फियॉर्डच्या पाण्यात इंडआर्क ही नोंदयंत्रणा बसवली. फियॉर्डच्या एका टोकाला हिमनद्या गोड पाणी आणि बारीक माती ओततात, तर दुसऱ्या टोकाने अटलांटिक महासागराचे तुलनेने उबदार, खारट पाणी आत शिरते. या दोहोंच्या ओढाताणीत तळाच्या गाळातले कोणते जिवाणू कामाला लागतात आणि कोणते गप्प बसतात, एवढाच माझा प्रश्न. त्याचे उत्तर आरएनएमध्ये, म्हणजे पेशी त्या क्षणी कोणते काम करते आहे हे सांगणाऱ्या रेणूत असते, आणि हा रेणू इतका नाजूक की गाळ एकदा वितळला की ते उत्तर पुसले जायला सुरुवात होते. म्हणून होडीतून ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा, खाली सोडून गाळ वर काढल्यापासून प्रयोगशाळेत नळी उघडेपर्यंत तो उणे ८० अंशांच्या आसपास राहिला पाहिजे.

नातेवाईक मला अस्वलाविषयी विचारतात. वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर बंदूक चालवता येणारा माणूस बरोबर लागतो आणि तिथल्या रेडिओ दुर्बिणीमुळे वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवावे लागते, हे सांगितले की त्यांचे समाधान होते. परंतु फियॉर्डवरचे माझे दिवस होते जेमतेम चार आठवडे. उरलेली वर्षे मी नवी मुंबईच्या दमट हवेत तो गाळ थंड राखण्यात घालवली. या विषयातल्या विद्यार्थ्याची परीक्षा मोहिमेपेक्षा या राखणीत जास्त होते, आणि ड्राय आइसच्या दुकानाचे मोलही त्यावरूनच ठरवायला हवे.

आता मालाविषयी. दुकानात दोन प्रकार मिळतात : बोटाएवढ्या जाड कांड्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले चौकोनी ठोकळे. ताजी कांडी कडक असते, तिचा काठ धारदार असतो आणि पत्र्याच्या पावड्यावर पडली की ती किंचाळल्यासारखा आवाज करते, कारण धातूच्या उबेने तिचा पृष्ठभाग तत्क्षणी वायू होऊन सुटू लागतो. शिळी कांडी मुकी असते; तिच्यावर हवेतल्या बाष्पाची पांढरी लव चढलेली असते आणि चिमटीत धरून दाबली तर तिचा भुगा होतो. साडेचार वर्षांत मला शिळा माल दोनदाच मिळाला, आणि दोन्ही वेळा तो पेटीतून पावड्यावर ओतून दाखवल्यावर वाद न घालता बदलून दिला गेला. हे तंत्र मला शिकवले ते दुकानात रात्रपाळी करणाऱ्या एका वयस्क कामगाराने, ज्यांना सगळेजण मामा म्हणतात. ते म्हणाले, “मॅडम, डोळ्यांनी नका बघू, कानांनी घ्या.”

पहिल्याच वर्षी मी घरच्या वजनकाट्यावर एक साधी मोजणी केली होती. पाच सेंटिमीटर जाडीच्या थर्माकोलच्या दोन सारख्या पेट्यांमध्ये दहा-दहा किलो माल भरला, एकीत कांड्या आणि दुसरीत ठोकळे, आणि मे महिन्यात कळव्याच्या आमच्या घराच्या गॅलरीत ठेवून दर चार तासांनी वजन केले. चोवीस तासांनी कांड्या ४.६ किलो उरल्या होत्या आणि ठोकळे ५.४ किलो. ही एका पेटीची एका दिवसाची गोष्ट, हे मान्य. तरी लांबच्या प्रवासाला ठोकळे खाली आणि नमुन्यांच्या भोवतीच्या फटी भरायला कांड्या वर, ही माझी पद्धत तेव्हापासून ठरली. आईने या प्रयोगाला नाव ठेवले ते “दहा किलोचे पाच किलो करण्याचा उद्योग”. तोंडी सांगितलेले आणि काट्यावर दिसलेले वजन या दुकानात कधी जुळले नाही असे झाले नाही. उणे ७८.५ अंशांना थेट घनाचा वायू होणाऱ्या मालात शंभर-दोनशे ग्रॅम मारणे दुकानदाराला किती सोपे असते, हे लक्षात घेतले तर याचे महत्त्व कळेल.

या दुकानाला मी पाचपैकी चार तारे का देते, हे एका रात्रीच्या हकिकतीशिवाय सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, शनिवारी रात्री साडेदहाला, प्रयोगशाळेतल्या उणे ८०च्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. आत माझ्या १४० नळ्या होत्या. मी कळव्याहून पोहोचले तेव्हा आकडा उणे ५८वर आला होता आणि दर काही मिनिटांनी एकेक अंश वर सरकत होता. दार उघडायचे नाही, एवढे एकच काम आमच्या हाती होते. मालकांचा फोन बंद होता. दुकानाच्या दुसऱ्या क्रमांकावर मामांनी फोन उचलला. रात्री किरकोळ विक्री करण्याची त्यांना परवानगी नव्हती, तरी मी काय सांगते आहे ते पुरते ऐकून घेऊन त्यांनी विचारले, “किती वाजेपर्यंत टिकेल?” मी म्हणाले, दीड-दोन तास. बाराच्या आत मी तीस किलो माल रिक्षात घालून परतले होते. पैसे दिले नव्हते, फक्त त्यांच्या वहीत माझे नाव आणि वजन उतरले होते. कांड्या पिशव्यांत भरून प्रत्येक कप्प्यात सरकवल्या आणि पहाटे आकडा उणे ७१वर स्थिरावला. तंत्रज्ञ सोमवारी आला.

ही धावपळ कुणाला अतिरंजित वाटेल, म्हणून एक उदाहरण देते. एप्रिल २०१७ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या शीतगृहात बिघाड झाला, आत गार हवेऐवजी गरम हवा खेळू लागली आणि कॅनडाच्या आर्क्टिक भागातून काढून आणलेल्या हिमगाभ्यांच्या, म्हणजे खोल बर्फातून खणून काढलेल्या लांब दंडगोलांच्या, संग्रहापैकी सुमारे १३ टक्के बर्फ वितळून गेला. हजारो वर्षांच्या हवामानाची नोंद फरशीवर पाणी होऊन साचली. उलट, राखून ठेवलेल्या बर्फातून काय साधते याचे चांगले उदाहरण अमेरिकी हिमशास्त्रज्ञ लॉनी थॉम्पसन यांचे आहे. कोळशाचे भूशास्त्रज्ञ व्हायला निघालेला हा विद्यार्थी ओहायो स्टेट विद्यापीठात बर्फाकडे वळला आणि १९७६ मध्ये त्याला पीएचडी मिळाली ती ग्रीनलंडमधल्या कॅम्प सेंचुरी आणि अंटार्क्टिकातल्या बर्ड स्टेशन येथील हिमगाभ्यांत अडकलेल्या धूलिकणांच्या अभ्यासावर. ते गाभे त्याने स्वतः खणलेले नव्हते. १९६०च्या दशकात दुसऱ्यांनी काढले होते आणि कुणीतरी ते वितळू दिले नव्हते. पुढे पेरूमधल्या केल्काया हिमटोपीपर्यंत जाऊन उष्ण कटिबंधातला बर्फ खणण्याची जी वाट त्याने पाडली, तिची सुरुवात अशी शीतगृहातल्या टेबलावर झाली. मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी त्या कुणीतरीचे नाव विचारले, आणि मला ते सांगता आले नाही.

मामांचा आणखी एक प्रश्न होता, तिकडे बायका जातात का. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत आणि त्यांच्याबरोबर सुदीप्ता सेनगुप्ता १९८३-८४च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाऊन आल्या, हे सांगितल्यावर ते गप्प झाले; पुढच्या खेपेस मात्र त्यांनी माझी ओळख एका मासळीवाल्याला “या आमच्या ध्रुवावरच्या मॅडम” अशी करून दिली. उत्तर आणि दक्षिण ध्रुव यांचा हा घोळ मी दुरुस्त केला नाही.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर तक्रार बांधणीची आहे. ड्राय आइसची पेटी कधीही हवाबंद करायची नसते. एका किलोपासून पाचशे लिटरहून अधिक वायू तयार होतो आणि त्याला बाहेर पडायला फट लागतेच. विमानाने पाठवायच्या पेटीवर ड्राय आइसचा यूएन १८४५ हा क्रमांक, धोकादायक मालाचा नववा वर्ग आणि मालाचे निव्वळ वजन लिहावे लागते आणि वायू सुटण्याची सोय असावीच लागते. हे सारे दुकानात भिंतीवर छापील लावलेले आहे. तरीसुद्धा, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून नमुने आणण्यासाठी मी पेट्या घेऊन गोव्याला निघाले तेव्हा दिवसपाळीच्या एका मुलाने भक्तिभावाने चारही बाजूंनी टेप गुंडाळली. पनवेल ओलांडायच्या आत मागच्या सीटवर फटाका फुटावा तसा आवाज होऊन झाकण उडाले. चालकाने गाडी बाजूला घेतली आणि त्यानंतर महाडपर्यंत आम्ही सगळ्या काचा खाली करून, महामार्गाची धूळ खात गेलो, कारण बंद एसी गाडीत हा वायू साचला तर डोके जड होण्यापासून शुद्ध हरपण्यापर्यंत काहीही होऊ शकते. या हिशेबाने जवळच्या अंतरासाठी, दोन्ही बाजूंनी मोकळी असलेली आपली रिक्षा हेच ड्राय आइसचे सर्वांत सुरक्षित वाहन ठरते. मालकांनी फोनवर दिलगिरी व्यक्त केली, पण पुढच्या खेपेला त्याच मुलाच्या हातात तीच टेप होती. तेव्हापासून माझी पेटी मी स्वतः बंद करते.

दुसरी तक्रार लग्नसराईची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये नवरा-नवरीच्या प्रवेशाला पायाशी जो पांढरा ढग सोडतात, त्यासाठी हाच माल गरम पाण्यात टाकतात. एका डिसेंबरात, हैदराबादला जनुकक्रम वाचण्यासाठी नमुने पाठवायचे होते, कुरिअरची वेळ ठरलेली होती आणि आदल्या दिवशी नोंदवलेल्या वीस किलोंऐवजी मला बारा किलो मिळाले. बाकीचे एका सभागृहाकडे गेले होते. कुरिअर एक दिवस पुढे ढकलावे लागले. मोठ्या गिऱ्हाइकाला झुकते माप देणे व्यापारात समजू शकते, पण नोंदणी घेतल्यावर माल नसेल तर निदान संध्याकाळी फोन करावा.

त्या दिवशी तिथे उभी असताना एक मुलगा घमेल्यातल्या पाण्यात कांडी टाकून धुराचा नमुना दाखवत होता. बुडबुडे फुटताना पाहून मला फ्रेंच हिमशास्त्रज्ञ क्लोद लोरियस आठवले. १९५७ मध्ये, विशीतच, ते दोघा सोबत्यांसह अंटार्क्टिकाच्या शार्को तळावर हिवाळा काढून आले होते, आणि १९६५ मध्ये पुन्हा अंटार्क्टिकातच, पेल्यात टाकलेल्या जुन्या बर्फातून सुटणारे बुडबुडे पाहून त्यांना सुचले की ही त्या काळची हवा आहे. पुढे अशाच हवेवरून कळले की गेल्या आठ लाख वर्षांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ३०० भागांच्या वर गेले नव्हते. आज ते ४२०च्या पुढे आहे. तोच वायू मी किलोमागे ८० रुपये देऊन विकत घेते, तोही वितळत्या फियॉर्डचा गाळ जपण्यासाठी. या विसंगतीवर आमच्या गाइडचे म्हणणे एवढेच की पावती सांभाळून ठेव.

पावतीचीही एक कथा आहे. संगणकावर बिल करणाऱ्याने एकदा “ड्राय फ्रूट, १५ किलो” असे लिहिले आणि ते मी न वाचता लेखाविभागात दिले. ध्रुवीय संशोधनाच्या अनुदानातून पंधरा किलो सुकामेवा कशासाठी, असा लेखी खुलासा मला द्यावा लागला आणि सुधारित बिल मिळायला तीन आठवडे गेले. बिल तिथेच उभे राहून वाचावे.

ऑगस्टमध्ये आमच्या प्रयोगशाळेतली एक कनिष्ठ विद्यार्थिनी गोव्याहून तिचे पहिले नमुने आणणार आहे आणि मी तिला याच दुकानात पाठवणार आहे. तिला दिलेल्या सूचना इतरांच्याही उपयोगी पडाव्यात म्हणून लिहिते. नोंदणी दोन दिवस आधी करावी आणि आदल्या संध्याकाळी आठवण द्यावी. सकाळी सातच्या आत पोहोचावे, कारण त्यानंतर ठाणे-बेलापूर रस्ता तुंबतो आणि दुकानाच्या फाटकात मासळीचे ट्रक आडवे लागतात. दुकानातले हातमोजे बोटांना भोके पडलेले असतात, म्हणून जाड कातडी मोजे आणि पाच सेंटिमीटरची पेटी आपलीच न्यावी. टेप दिली तर घ्यावी, पण गुंडाळू देऊ नये. आणि माल घेण्यापूर्वी एक कांडी पावड्यावर टाकायला सांगून कान द्यावा.