माहीमचा शनिवारचा दाखल्यांचा क्लास : जावं का?

माहीमला एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी मराठीतून येशूच्या दाखल्यांचा, म्हणजे त्याने सांगितलेल्या छोट्या बोधकथांचा, क्लास चालतो, विषय एकच, स्वर्गाचं राज्य. ऑफिसमधली वसईची मैत्रीण जाते, तिच्या मागे लागून मी पण नाव दिलं. मी ख्रिस्ती नाही, तिथे कोणी विचारलं पण नाही आणि प्रार्थनेला थांबलंच पाहिजे असंही काही नाही, हे आधीच सांगते कारण आमच्या ग्रुपवर सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच होता. फी म्हणजे झेरॉक्स आणि चहाचे पैसे, बस.

स्वर्ग म्हटलं की मेल्यानंतरची सोय, असं डोक्यात ठेवून गेलात तर फादर पहिल्याच दिवशी ते बाजूला ठेवायला लावतात. दाखल्यांमधलं राज्य शेतात आहे, पिठाच्या परातीत आहे, लग्नघरात आहे, आणि ते सुरू झालेलं आहे, फक्त पूर्ण व्हायचंय. आणि त्याचा मालक आपल्या हिशोबाने वागत नाही. सगळा क्लास याच एका गोष्टीभोवती फिरतो आणि मला तेच आवडलं, उगाच दहा विषय नाहीत.

बेस्ट सेशन द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचं (मत्तय २०, म्हणजे बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकाचा विसावा अध्याय). मालक पहाटे नाक्यावर जाऊन माणसं आणतो, एक दिनार रोज ठरतो. मग परत नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाच वाजता पण जातो, तेव्हाही काही जण उभेच, का तर कोणी कामाला लावलंच नाही. संध्याकाळी पैसे वाटताना शेवटी आलेल्यांना आधी बोलावतो आणि सगळ्यांना सारखाच एक दिनार! आमच्या बॅचला एक काका आहेत, बांधकामाची कंत्राटं घेतात, ते उसळलेच. "फादर, असा मुकादम असेल तर उद्यापासून सकाळी येणार कोण?" फादर म्हणाले, "बरोबर आहे, पहाटे आलेले पण हेच बोलले. पण काका, तुमच्या नाक्यावर पाचपर्यंत कोण उरतं?" काका जरा थांबून म्हणाले, "म्हातारे. नाहीतर कालच गावाहून आलेलं नवं पोरगं." मग फादरनी सांगितलं की दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, त्यात घर कसंबसं चालायचं, आणि मजुरी त्याच दिवशी द्यायची हा मोशेच्या नियमशास्त्रातलाच, म्हणजे यहुद्यांच्या धर्मकायद्यातलाच, नियम, म्हणजे तासाभराचे पैसे हातावर ठेवले असते तर त्या घरी रात्री पूर्ण जेवण झालं नसतं. पहाटेवाल्यांचा एक पैसा कापलेला नाही, त्यांना त्रास होतो तो दुसऱ्याला मिळालं म्हणून. काकांना शेवटपर्यंत पटलं नाही आणि फादरनी पटवायचा हट्ट पण केला नाही, हे मला जास्त आवडलं.

जाळ्याचा दाखला (मत्तय १३) मी एरवी दोन मिनिटांत वाचून संपवला असता. पण मालवणकडचे एक आजोबा म्हणाले, "ही तर आमची रापण!" आणि मग त्यांनी अख्ख्या हॉलला रापण समजावली, होडीतून जाळं गोल टाकत न्यायचं आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं, ओढताना कोण बघतो आत काय आलंय, निवडायचं ते वाळूवर आल्यावर. दाखल्यात पण तसंच, सगळ्या प्रकारचं येतं आणि निवड काठावर बसून. गालीलच्या सरोवरात बिनखवल्याचे मासे पण असतात, ते यहुद्यांना चालत नाहीत, म्हणून तिथल्या कोळ्यांना निवडणं रोजचंच. मुद्दा हा की निवडण्याचं काम शेवटचं आणि ते देवदूतांचं, ओढणाऱ्यांचं नाही. गव्हातल्या निदणाचा (तणाचा) दाखला पण याच लाइनीवरचा, ते निदण ओंबी येईपर्यंत गव्हासारखंच दिसतं आणि मालक म्हणतो उपटू नका, गहू पण उपटाल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवावा असा आहे हा.

मोहरी आणि खमीर (पीठ फुगवणारं आंबवण) एकाच दिवशी झालं. बायबलच्या जुन्या करारात यहेज्केल संदेष्टा डोंगरावरच्या गंधसरू या उंच झाडाबद्दल बोलतो ज्याच्या सावलीत पक्षी राहतात, आणि इथे राज्य म्हणजे मोहरीचा दाणा, पक्षी येतात ते त्या मोहरीच्या झाडावर, लोकांना चांगलाच धक्का बसला असणार. खमिराच्या दाखल्यातली बाई तीन मापं पीठ भिजवते, म्हणजे शंभरेक माणसांच्या भाकरी! क्षमा न करणारा चाकर (मत्तय १८) पण मस्त झाला. त्याला माफ झालेलं कर्ज दहा हजार तालांत, एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, कोणीतरी मोबाइलवर गुणाकार केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी आली, आणि हा बाहेर जाऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. हॉलमध्ये सगळे हसले, मग एकदम गप्प झाले.

आता तक्रारी. दहा कुमारींचा दाखला शेवटच्या पंधरा मिनिटांत गुंडाळला, वराची वाट बघताना मूर्ख पाच जणींचे दिवे विझायला लागतात, तर शहाण्या पाच जणी थोडं तेल का देत नाहीत हा माझा प्रश्न तसाच राहिला. शेतातल्या गुप्त ठेवीला पण तेच, एका मुलीने विचारलं की ठेव सापडल्याचं मालकाला न सांगता शेत विकत घेणं ही फसवणूक नाही का, तर नुसतं हसून पुढे गेले, असं नको होतं. नोट्स तर बंदच करा, त्यात तक्ता दिलाय, अमुक म्हणजे देव, तमुक म्हणजे सैतान. पेरणाऱ्याचा आणि निदणाचा अर्थ येशूने स्वतः सांगितलाय तिथे ठीक, पण प्रत्येक दाखल्याला तक्ता लावला की क्लासमध्ये झालेली सगळी मजा जाते. मागचा माइक खरखरतो, पंखे नावाला आहेत.

पाचपैकी चार. मागच्या खांबाआड बसू नका, फळा दिसत नाही, आणि स्वतःचं बायबल न्या, झेरॉक्सची अक्षरं फार बारीक आहेत. नाव द्यायला बुधवारी जाऊ नका, नोव्हेनाच्या (चर्चमधल्या बुधवारच्या खास प्रार्थनेच्या) गर्दीत माहीमला रस्ता पण ओलांडता येत नाही.